ज्वारीतला अंतरा

माझं गाणं आजवर कुणीही शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. ही तक्रार नव्हे, माहिती आहे. तक्रार करायची म्हटलं तर कुणाकुणाची करू? शाळेच्या स्नेहसंमेलनात मी स्वागतगीत सुरू केलं, की ध्रुवपद संपायच्या आत पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आठवतो. हळदीकुंकवाला बायका "प्रतिभाताई, म्हणा की, म्हणा की" करून जीव खातात आणि मी सूर लावला रे लावला, की वाण कुठे ठेवलंय याची शोधाशोध सुरू होते. पुतण्याच्या लग्नात तर मी मंगलाष्टक म्हणत होते, माझी ओळ अजून वर चढतेय तोच भटजींनी 'सावधान' म्हणून वाजंत्री सुरू करून दिली. नवरा-नवरीनं हार घातले, लोक जेवायला गेले आणि मी माईक धरून उभी.

शिवाय टाळ्या. ध्रुवपद झालं की लोक कडकडून टाळ्या वाजवतात. गायकाला थांबवायचा तो सभ्य मार्ग आहे हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. तोवर मी त्याला कौतुक समजत होते. आता मला सांगा, गाण्याचं ध्रुवपद म्हणजे घराचा ओटा आणि अंतरा म्हणजे आतलं घर. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ओट्यावर बसून चहा न घेता परत जातो. माणसाला काही वाटतं की नाही?

तर अशा परिस्थितीत जानेवारीत आमच्या समृद्धीचा, म्हणजे पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीचा, व्हॉट्सअ‍ॅप आला. पुण्याची एक नाट्यसंस्था नवं कोरं संगीत नाटक बसवत होती. 'गावाकडच्या अस्सल आवाजांचा शोध' असं त्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत होतं आणि मागे बैलगाडीचं चित्र. निवड चाचणी जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात, रविवारी. भूमिकांमध्ये एक होती: 'गावातली पोक्त बाई. एक पद आहे.' चाचणीला यायच्या आधी आपल्या आवाजात एक पद रेकॉर्ड करून पाठवायचं होतं, ध्रुवपद आणि अंतऱ्यासह.

अंतऱ्यासह! मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. नाटकाला माणसं तिकीट काढून येतात, खुर्च्या एकाला एक चिकटलेल्या असतात, मधूनच उठून जाणार कुठे? आयुष्यात पहिल्यांदा माझा अंतरा कुणाच्या तरी कानावर पडायची सोय दिसत होती. हे मी घरात बोलून दाखवलं नाही. घरात मी एवढंच म्हटलं, "लोककलेच्या संवर्धनासाठी कुणीतरी पुढं यायला हवं."

"या की," आमचे हे म्हणाले. हे म्हणजे भरत. घोडेगावात खत-बियाण्यांचं दुकान आणि गावाबाहेर ओढ्याकाठी तीन एकर रान. यंदा रानात शाळू ज्वारी होती. जगातली कुठलीही गोष्ट सांगितली की हे एका डोळ्यानं ऐकतात, कारण दुसरा डोळा आभाळाकडे असतो. गेली सत्तावीस वर्षं आमचा संसार असाच चाललेला आहे.

आता मी पडले जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. सरकारी माणसानं नाटकात काम करायचं तर ना-हरकत लागते, हे आमच्या मुख्याध्यापकांनी, सयाजी सरांनी, ताबडतोब सांगितलं. आणि ना-हरकतीला मुख्याध्यापकांची शिफारस लागते, हेही त्यांनीच सांगितलं. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढला.

"योगायोग बघा बाई," ते म्हणाले, "कालच एक पद सुचलंय."

सयाजी सर बोलताना चिमणीला चिमणी म्हणतात, पण लिहायला बसले की त्यांच्या कागदावर विहगच उतरतो. पद असं होतं: 'नच जा विहगा, सोडुनि अंगण.' अंतऱ्यात होतं: 'वेचुनि घेई कण कण येथिल, तृप्त मनाने राही.' मी वेगळं पद निवडलं असतं, पण शिफारसपत्राचा कागद त्यांनी पदाच्या कागदाखालीच ठेवला होता. दोन्ही एकदमच उचलले.

संध्याकाळी यांनी विचारलं, "विहग म्हंजे काय गं?"

"पक्षी. पाखरू."

"मग पाखरूच म्हनायचं की, राव. आन् काय सांगतीयास त्याला?"

"जाऊ नकोस म्हणते. दाणे टिप आणि रहा म्हणते."

"ज्वारीच्या दिसात?" हे एकदम ताठ बसले. "लई अवघड गानं घेतलंय."

ना-हरकतीची कथा थोडक्यात सांगते. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण मला अजून निवृत्त व्हायचंय आणि माझी कागदपत्रं तिथूनच जाणार आहेत. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, रजा कुठली? मी म्हटलं, रविवार आहे, रजा कशाला? ते म्हणाले, "रविवारी तुम्ही शिक्षक नसता का?" मग त्यांनी पदाची प्रत मागितली, ती साक्षांकित करून आणायला लावली आणि वाचता वाचता कपाळाला आठ्या घातल्या.

"मॅडम, आचारसंहिता लागलीय. हा विहग कुणाची निशाणी तर नाही?"

"साहेब, साधं पाखरू आहे."

"ते तुम्ही म्हणता. उद्या एखाद्या अपक्षाला पोपट मिळाला आणि तुम्ही स्टेजवरून 'जाऊ नको, थांब' म्हणालात तर तो प्रचार होतो. निशाण्या जाहीर होऊ द्या." मग त्यांनाच जरा वाईट वाटलं असावं. खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "म्हणून तर दाखवा. भाव कळू दे."

मी घसा खाकरला, डोळे मिटले आणि तिथेच, फायलींच्या कपाटासमोर, 'नच जाऽऽ' म्हणून सूर धरला. ध्रुवपद पुरं झालं, अंतऱ्यासाठी श्वास घेतला आणि डोळे उघडले तर साहेब मोबाईल कानाला लावून दाराबाहेर निघाले होते. दारातून त्यांनी हातानंच 'छान, छान' अशी खूण केली. मात्र शिपायाकरवी ना-हरकत दुसऱ्या दिवशी शाळेत पोचली. मी पुन्हा येऊन अंतरा म्हणेन अशी भीती त्यांना वाटली असावी, असं आमचे हे म्हणतात. मी तसं म्हणत नाही.

मग सुरू झाली तयारी, आणि तयारी म्हटली की शेजार आलाच. शेजारच्या कुशाबाईंनी ज्येष्ठमध, अडुळसा आणि सुंठ उकळून काढा आणला. समोरच्या हाजराबींनी काळी मिरी आणि खडीसाखर कुटून दिली, वर गरम दुधात कच्चं अंडं फेटून पाजलं. "हमारे मामू कव्वाली गाते थे," त्या म्हणाल्या, "एक अंडं प्याले की गल्लीच्या टोकाला आवाज जायचा." मामूंचा आवाज गेला असेल. माझा दुपारपर्यंत नुसता गेलाच. कुशाबाईंचं म्हणणं पडलं की काढा गुण देत होता, अंड्यानं घात केला. हाजराबींचं म्हणणं नेमकं उलट. दोघींनी आपापल्या औषधाचं प्रमाण दुप्पट केलं.

साथीला मिळाले चांदभाई. लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवतात. हार्मोनियमवाला मिळेना, कारण जो होता तो भजनी मंडळात होता आणि त्याला 'नच' हा शब्द नाचासारखा ऐकू येऊन पटत नव्हता. चांदभाई गुणी माणूस, पण त्यांचा हात वरातीला सरावलेला. मी विहगाला गहिवरून थांबवत असायचे आणि मागून ढिंच्याक सुरू व्हायचं. "मॅडम, लोकं नाचली न्हाईत तर गानं पडलं," असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान. आवाज बसलेला बघून ते म्हणाले, "रांजणात तोंड घालून रियाज करा. घुमारा येतो."

घरात रांजण नव्हता. पाण्याचं निळं पिंप होतं. त्यात मान घालून मी खालचा सा लावत होते, तेवढ्यात कुशाबाई विरजण मागायला आल्या. त्या आल्या पावली परत गेल्या आणि तासाभरात आळीभर झालं की मास्तरीणबाईंना उलट्या होतायत. तीन घरांतून लिंबू-सरबत आलं. थंड लिंबू-सरबत, बसलेल्या घशाला! नको कसं म्हणणार, माणसं प्रेमानं आणतात. प्यायले.

रेकॉर्डिंग पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा माझ्या गळ्यातून जो आवाज येत होता तो एकाच वेळी दोन बायकांचा होता, आणि त्या दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. पण माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. घरात रेकॉर्ड करावं तर ध्रुवपदावर कुकरची शिट्टी, अंतऱ्यावर भंगारवाला. शेवटी हे म्हणाले, "चल रानात. तिथं कुनी न्हाई."

म्हणून दुपारी ज्वारीच्या बांधावर उभी राहून मी गायले. कणसं दाण्यावर आलेली, चहूकडे सामसूम, यांनी मोबाईल धरलेला. मी जीव ओतून गायले. वरच्या सुरावर तान घेतली तशी गळ्यात काहीतरी कर्रकन वाजलं, आणि समोरच्या रानातून पाखरांचा अख्खा थवा भुर्रकन उठून ओढ्यापार गेला. मला वाटलं, काय हा सुरांचा परिणाम! मुकी पाखरं, पण हलली. मी पुढे अंतरा गायले. हे तोंडाचा आ करून आभाळाकडे बघत होते. मला भरून आलं. सत्तावीस वर्षांत या माणसाला माझ्या गाण्यानं असं खिळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कसं झालं?" मी विचारलं.

"जबर," हे म्हणाले. "लई जबर."

मी रेकॉर्डिंग पाठवलं आणि दोन दिवसांत 'अभिनंदन, चाचणीला या' असा निरोप आला. मी आळीत पेढे वाटले. असाच निरोप रेकॉर्डिंग पाठवणाऱ्या प्रत्येकाला आला होता हे मला जुन्नरला गेल्यावर समजलं, पण पेढे काही परत मागता येत नाहीत. दोन्ही औषधं बंद केल्यावर घसाही सुधारला. हे हल्ली फार खुशीत दिसत होते. दुकानाला गर्दी होती. मला वाटलं, बायको नाटकात जाणार म्हणून माणूस फुललाय.

मग तो गुरुवार आला. शाळा सुटल्यावर कुशाबाईंना स्कूटीवर मागे बसवून मी दवाखान्यात घेऊन चालले होते. यांच्या दोस्ताच्या, गोकुळच्या, रानाजवळ आलो तर मागून कुशाबाई म्हणाल्या, "बाई, गाडी चालवताना गाऊ नगा, ध्यान जातं."

"मी कुठं गातेय?"

"मंग कोन गातंय?"

मी गाडी थांबवली. गोकुळच्या ज्वारीच्या मधोमध बांबूला एक भोंगा बांधलेला होता, आठवडे बाजारातले भाजीवाले लावतात तसला, आणि त्यातून बसल्या गळ्यानं, कर्रकन वाजणाऱ्या तानेसकट, मी पाखरांना सांगत होते, 'नच जाऽऽ विहगा.' पाखरू मात्र औषधालाही दिसत नव्हतं. थोडं पुढं गेलो तर दुसऱ्या रानात दुसरा भोंगा. तिथंही मी. ओढ्याच्या पलीकडं आणखी एक मी, जरा मागून सुरू झालेली. साऱ्या शिवारात मीच माझ्या मागं लागले होते.

"शोभतंय पन," कुशाबाई म्हणाल्या. "पाखरू येक न्हाई बगा."

कुशाबाईंना दवाखान्यात सोडून तशीच दुकानात गेले. हे गिऱ्हाइकाला भोंगा दाखवत होते. मी गिऱ्हाईक जायचीसुद्धा वाट पाहिली नाही.

"माझा आवाज गोकुळच्या रानात काय करतोय?"

यांनी हातातला भोंगा खाली ठेवला. मग म्हणाले, "राखन."

"राखण?"

"अगं, त्या दिशी तू तान घेतली आन् रानातलं झाडून सगळं पाखरू उठलं. म्या या डोळ्यानं बघितलं. फटाकं लावून झालं व्हतं, चकमकीत पट्ट्या बांधून झाल्या व्हत्या, बुजगावन्याच्या तर डोक्यावर बसून खायची. तुझ्या आवाजाला मातुर टिकली न्हाईत. मग भोंग्यात भरला. गोकुळनं बघितलं, त्यो म्हनला मला बी वहिनींचा भरून द्या. मग समद्यांनीच."

"आणि माझी अब्रू?"

"तुझं नाव कुटं घेतलंय म्या? गिऱ्हाइकाला येवढंच सांगतो, घरचाच आवाज हाय, खात्रीचा."

गिऱ्हाइकानं मान डोलावून खात्री असल्याचं सांगितलं. ज्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा अंतरा ऐकवला, त्यानं तो बुजगावण्याच्या जागी टांगला. मला रडू आलं आणि ते खताच्या गोण्यांसमोर आलं याचा आणखी राग आला. मी त्यांना सांगितलं, शिवारातला शेवटचा भोंगा उतरेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही.

हे म्हणाले, विकलेले भोंगे मागं कसे घेऊ? ज्वारी निघेपर्यंत कळ काढ. मग अबोला झाला. आमचा अबोला कुशाबाईंमार्फत चालतो. "कुशाबाई, त्यांना सांगा, भात झालाय." "कुशाबाई, तिला सांगा, मीठ जास्त पडलंय." कुशाबाई निरोप पोचवताना आपलं मत जोडतात, त्यामुळे अबोला महाग पडतो.

रविवारी जुन्नरला जायचं तर चांदभाईंचा कॅसिओ न्यायला पिकअप हवा आणि पिकअप यांचा. म्हणून मी यांच्याशेजारी बसले, पण तोंड खिडकीकडे करून. लग्नातली मोरपंखी पैठणी नेसले होते. वाटेत जिथं जिथं ज्वारी होती तिथं तिथं मी काच वर करत होते. आवाज तर बरा झाला होता, आणि मी मनाशी एकच गोष्ट घोकत होते: आज अंतरा. निवड होवो न होवो, कुणीतरी शिकलेला, जाणता माणूस खुर्चीत बसून माझा अंतरा ऐकणार आहे. ऐकणं हे त्याचं कामच आहे.

मंगल कार्यालयात गर्दी होती. नंबर आला तशी मी स्टेजवर गेले. समोर टेबलामागे दिग्दर्शक, स्वराज नावाचा दाढीवाला पोरसवदा मुलगा, अंगात खादीचा झब्बा, पायात महागाच्या चपला. शेजारी लॅपटॉप घेतलेली एक मुलगी. दोघांच्या दातांत हुरडा अडकलेला असावा, कारण दोघंही काडीनं दात कोरत होते.

"मावशी, रिलॅक्स. आम्हाला एकदम रॉ पाहिजे," स्वराज म्हणाला. "मातीचं टेक्स्चर."

बोलण्यातली माती काढायला मी डी.एड.ची दोन वर्षं घालवली होती. तरी हसून मान डोलावली. चांदभाईंना डोळ्यांनी दम दिला की ढिंच्याक नको. डोळे मिटले आणि 'नच जा विहगा' सुरू केलं. खरं सांगते, सूर असा लागला होता की माझ्याच अंगावर काटा आला. ध्रुवपद संपत आलं. मी डोळे उघडले. दोघं काड्या बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होते. ऐकतायत! मी अंतऱ्यासाठी श्वास घेतला.

"एक मिनिट, एक मिनिट," स्वराजनं हात वर केला. "हे... हे आज सकाळी आपण ऐकलं ना गं? त्या हुरडा पार्टीला?"

"हो! तो भोंगा! पाखरं हाकलायला लावलेला!" मुलगी टुणकन उठली. "मॅडम, तुम्ही त्या आहात?"

गोकुळनं यंदापासून हुरडा पार्ट्या सुरू केल्यात, शहरातल्या लोकांसाठी, हे मला ठाऊक होतं. ही मंडळी जुन्नरला येताना सकाळी त्याच्याकडेच टेकली होती हे ठाऊक नव्हतं. मागं बसलेल्या लोकांत खसखस पिकली. कुणीतरी "पाखरं उडाली का, बघा रे" म्हणालं. मग सगळं कार्यालय हसायला लागलं. मी पैठणीचा पदर धरून उभी.

"मावशी, भूमिकेचं आपण बघू," स्वराज म्हणाला, म्हणजे बघणार नव्हता. "पण ते रेकॉर्डिंग अमेझिंग आहे. आमच्या नाटकात एक सीन आहे, सगळं गाव उठून पळतं. तिथे तो आवाज वापरला तर? पहिलीच ओळ फक्त. जाहिरातीत तुमचं नाव टाकू. ध्वनिपरिणाम म्हणून."

हे पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. हे हसत नव्हते. मान खाली घालून टोपीची घडी घालत होते.

"भोंगा आमच्या दुकानात मिळेल," मी म्हटलं. "आवाज विकायला नाही. चांदभाई, उचला."

परतीच्या वाटेवर चांदभाईंनी एकदा "आपल्या सुराला तोड नव्हती, मॅडम" म्हटलं आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते त्यांच्या घराच्या बऱ्याच अलीकडे उतरले. घोडेगाव जवळ आलं तसं माझ्या डोक्यात एकच होतं. गाव गेलं खड्ड्यात, गोकुळ गेला खड्ड्यात, पण आमच्या रानातला भोंगा मी आज माझ्या हातानं उपटणार.

"थांबवा," मी म्हटलं. अबोला मोडला तो असा.

पैठणी गुडघ्यापर्यंत खोचून मी बांधावरून तरातरा निघाले. चप्पल ढेकळांत अडकली, तिथेच सोडली. मागून हे चप्पल हातात घेऊन, "अगं पडशील, अगं काटं हायत," करत येत होते. भोंगा जोरात चालू होता. 'नच जाऽऽ'. कर्रकन तान वाजली. मी ज्वारीच्या कडेला पोचले आणि जागच्या जागी थांबले.

पाखरं होती. चिक्कार होती. भोरड्या होत्या, चिमण्या होत्या, पोपट तर कणसाला उलटे लटकून खात होते. एक साळुंकी खुद्द भोंग्यावर बसली होती. माझी तान तिच्या पायाखालून जात होती आणि ती पिसं साफ करत होती.

"अहो, ही तर भीत नाहीत!"

"न्हाई," हे म्हणाले. "दोन-तीन दिस झालं. सवय झाली त्यास्नी. गोकुळकडं उद्या-परवा व्हईल. परतिक रानात तेच व्हनार."

"मग बंद का नाही केला? मी एवढी रडले, अबोला धरला, आणि तुम्ही काही उपयोग नसताना हा चालूच ठेवलात?"

हे माझी चप्पल झटकत राहिले. झटकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मला बी सवय झाली," हे म्हणाले.

"कसली सवय?"

"रोज दुपारभर रानात येकलाच असतोय. सुरवातीला पाखरांकडं ध्यान व्हतं, गान्याकडं न्हवतं. मग पाखरं भ्यायची बंद झाली आन् मला काम ऱ्हायलं न्हाई. बसून ऐकाय लागलो." हे अजून चपलेकडेच बघत होते. "पयली वळ आपली अशीच हाय. तुझं खरं गानं मागनंच हाय. 'कन कन येथिल'ला तू जरा दम घेतीस बघ, आन् मग 'तृप्त'ला खाली येतीस. तितं घसा बसलेला बी बरा वाटतो. आज त्या पोरानं तितंवर येऊच दिलं न्हाई. चपला तेवढ्या भारी व्हत्या त्याच्या."

तेवढ्यात समोर पोपटानं एक अख्खं कणीस मोडून खाली पाडलं आणि माझ्यातली शेतकऱ्याची लेक जागी झाली. गाणं राहिलं बाजूला, ज्वारी चाललीय! मी वाकून हाताला येईल ते ढेकूळ उचललं, हात मागं नेला आणि "हाऽऽऽ" म्हणून ओरडणार, तोच यांनी माझं मनगट धरलं.

भोंग्यातून ध्रुवपद संपलं होतं. अंतऱ्याच्या आधीचा माझा श्वास ऐकू आला.

"थांब गं," हे म्हणाले. "अंतरा व्हऊ दे. मग हाकलू."

मी ढेकूळ हातात धरून उभी राहिले. यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, 'वेचुनि घेई कण कण येथिल', आणि एक शब्द चुकत नव्हता. समोर पाखरं अगदी सांगितल्याप्रमाणे वेचून घेत होती. सूपभर ज्वारी तरी गेली असेल त्या अंतऱ्यात. 'राही' वर मी शेवटचा सूर सोडला, तेव्हा यांनी माझं मनगट सोडलं आणि चप्पल माझ्या पायाशी ठेवली.

"आता मार," हे म्हणाले.